पोरीसाठी रेकॉर्ड केलेलं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी फोनवर नेहमीसारखंच म्हणाले होते, "गाण्याची स्पर्धा रेकॉर्ड करून ठेवली वं तुह्यासाठी. केव्हा येशीन?" करुणाही नेहमीसारखंच म्हणाली होती, "मोबाईलवर पाहीन, बाबा."

महिन्याभरानं त्यांचा सेट-टॉप बॉक्स परत करायला ती जरीपटका भागातल्या केबलच्या दुकानात रांगेत उभी राहिली. पुढे एक म्हातारं जोडपं तसलाच बॉक्स घेऊन भांडत होतं.

"अवो, भरला तं काहीतरी पुसा ना त्यातलं!"

"काय पुसू? सारं रोशनीसाठीच ठेवलं."

"रोशनी तिकडे पुण्यात मोबाईलवर पाहून राहिली. तुमी काहून साठवून राहिले? लोणचं हाये का ते?"

"मोबाईलवर एकटी पाहते वं पोरगी. इथं आली का माह्या बाजूले बसून पाहीन."

"दिवाळीत आली तेव्हा पाहिलं का?"

"टाइम नव्हता तिले."

"आवडतच नसन तिले ते!"

बाई मागे वळली.

"तूच सांग वं बाई यायले. पुसायचं का नाही?"

करुणानं हातातला बॉक्स पोटाशी धरला.

"मला ती गाणी कधीच आवडली नाहीत, बाबा," ती म्हाताऱ्याकडे पाहत म्हणाली. "तुमच्या शेजारी बसायला आवडायचं."