मेंढीच्या गळ्यातलं घड्याळ

निमगाव केतकीच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या रोहिणीच्या कानावर शेजारच्या दोघी बायांचं बोलणं पडलं.

“बानूबाई, तुझी स्वराली पार वाळली की गं!”

“नवऱ्या मुलानं घड्याळ धाडलंय, रंगूबाई. पोरगी किती चालती, ते त्याला आन् हिलाबी फोनात दिसतं. वजन उतरल्याबिगर साखरपुडा न्हाय म्हनला.”

“आन् त्यो मेला सोता कसा हाय?”

“त्याची ढेरी बघ जा! म्हनून मी ते मेंढीच्या गळ्यात बांधलं. दिसभर चरती, लई चालती.”

“मग पोरगी कशानं वाळली?”

“तेच कळंना. घरातच बसून हुती. पर मेंढी माळाला गेली की हिचं पाय सुजायचं. तोंडाला गवताचा वास यायचा.”

“मग सोड की ते घड्याळ!”

“सोडणारच हुते. पर सकाळीच ह्यांनी मेंढी बारामतीच्या खाटकाला इकली, घड्याळासकट. तिलाच माघारी आणाया निघालोय.”

त्यांच्याच बाकावर बसलेल्या स्वरालीनं आपला फोन आईच्या हातात दिला.

“आये, घड्याळातलं काळजाचं ठोकं बघ कसं पळाय लागल्यात.”

रोहिणीनं मान वळवून पाहिलं. पोरीनं दोन्ही हातांनी गळा झाकून घेतला होता.