जागा मोकळी करताना

सुमनबाई : पण तू बालाजीच्या कम्प्युटरला हात काहून लावलास?

शिवकन्या : तुमच्या लेकानंच लावायला सांगितला, मामी. दुकानातलं विंडोज जुनं झालंय, त्याच्यावर फॉर्म नीट भरता येईनात. वसमतचा मेकॅनिक म्हणला, नवं टाकून देतो, पण आधी कामाच्या फायली डिस्कवर उतरवून ठेवा अन् जागा मोकळी करा. ह्यांना कंटाळा. म्हणले, तू बी.ए. झालेली हायस, तूच कर.

सुमनबाई : मग?

शिवकन्या : माऊस गुटख्यानं चिकट झालेला. तो पुसला अन् बसले. जागा काही होईना, म्हणून सगळ्यात जड काय हाय ते बघितलं. ‘खताच्या पावत्या’ नावाचं फोल्डर निघालं. आपण कुठं खत विकतो? उघडलं, तर बायांचे फोटो.

सुमनबाई : फॉर्मचे असतील. त्याचा धंदाच तो हाय.

शिवकन्या : फॉर्मचे न्हाईत. सही करायला वाकलेल्या, पदर सारखा करून राहिलेल्या बाया. मोबाइलवर चोरून काढलेल्या. चार वर्षांपासूनचे हायत. प्रत्येकीचं नाव, अन् पुढं दहापैकी मार्क.

सुमनबाई : कसले मार्क?

शिवकन्या : तुमाला कळलं कसले ते. मीबी हाय त्यात. लग्नाआधी नोकरीचा फॉर्म भरायला आले होते. सात दिलेत. अन् हे बघायला आले तवा बैठकीत म्हणले होते, हिला याआधी कधी पाहिलं न्हाई.

सुमनबाई : त्याला विचारलंस?

शिवकन्या : ते फोल्डर डिस्कवर उतरवून घेतलं, अन् हे चहा पिऊन आले तवा विचारलं. आधी हसले. म्हणले, टाइमपास होता, कुणाला पाठवले न्हाईत, नवं विंडोज टाकलं की सगळं पुसून जातंय. मग डिस्क मागितली. मी दिली न्हाई, तर कम्प्युटर गाडीवर बांधून वसमतला गेले.

सुमनबाई : पुसून जातंय तर जाऊ दे. पुरुष माणूस हाय, चुकला असंल. घरातलं घरात राहू दे, बाई. आपल्याला गावात तोंड दाखवायचंय.

शिवकन्या : त्या बायांलाबी दाखवायचंय, मामी. उद्या परत त्याच खुर्चीवर येऊन बसतील.

सुमनबाई : कोण कोण हाय?

शिवकन्या : जनकाबाईची सून. शाळेत खिचडी शिजवती ती पार्वतीबाई. आपल्या शेजारच्या नानीबाई.

सुमनबाई : नानीबाई? साठीची बाई ती.

शिवकन्या : निराधारच्या पगारीचा फॉर्म भरायला आल्या होत्या. शून्य दिलाय. पुढं जे लिहिलंय ते मी तोंडानं सांगणार न्हाई.

सुमनबाई : (हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवत) बालाजी झाला तवा मला दीड महिना ताप होता. दूधच आलं न्हाई. नानीबाईनं पाजलं त्याला. तिच्या पोरीच्या वाटचं.

शिवकन्या : मला ठाऊक न्हवतं.

सुमनबाई : त्याला ठाऊक हाय. लहानपणी तिलाबी आईच म्हणायचा.

शिवकन्या : मामी...

सुमनबाई : डिस्क कुठं हाय?

शिवकन्या : माझ्यापाशी. तुमी मागितली तरी द्यायची न्हाई, असं ठरवूनच आले.

सुमनबाई : देऊ नको. चप्पल घाल अन् चल. नानीबाईला मीच सांगते. तू नुसती बाजूला बस.