कावळ्यानं घास घेतला

— नाय, केस माझी नाय बाई, माझ्या सुनंची. मी साक्षीला आलेय, देवगाव रंगारीहून. सरका थोडं, बसते इथं, पुकारतीलच आता. काय सांगायचंय? लेक मेला म्हणून सांगायचंय. सोमनाथ माझा, नऊ वर्षं झाली, बेपत्ता. आईनंच सांगायचं, असा कायदा हाय म्हणे — सात वरीस घरच्यांना खबर लागली नाय, तर कोर्ट माणूस मेला असं धरतंय. शिसारी येते बघा एकेकाची. ठाण्यात फिर्याद द्यायला गेलो, तिथला एकजण म्हणतो, आजी, गेला असंल कुणासंगं — तोंडात गुटखा, त्यातूनच हसतोय. मग पेपरात नोटीस. लग्नातला फोटो दिला, तर त्यांनी सून कापून टाकली, कडंला तिचा हिरव्या चुड्याचा हात तेवढा राहिला.

आन् हा वकील! सरिताला — सरिता सून माझी, ती काय, झेरॉक्सच्या रांगेत उभी हाय — तिला म्हणतो, कुंकू पुसून या, नायतर साहेबाला वाटंल नवरा जित्ता मानता. पोरीनं संडासात जाऊन पदरानं कपाळ घासलं. माझ्या मालकाचं अंग लुळं पडलं तर त्यांचं हागमूत तिनं काढलं, पोटच्या लेकानं नाय. आता एक चांगलं माणूस भेटलंय तिला — अभय, शेंद्र्याला कंपनीत हाय, बायको वारली त्याची — मीच जमवलं, दुसऱ्या कुणी नाय. पण कोर्टानं सोमनाथ मेला म्हटल्याबिगर लगीन कसं लागंल? तर वकील विचारतो, मेल्याचं काही केलं का घरी? करून घ्या, फोटो काढा, दाखवायला बरं. म्हंजे लेकाच्या दहाव्याचे फोटो, लग्नाचे काढतेत तसे! गेलो पैठणला. पळसाच्या पानांचा पुतळा केला, नारळाचं डोकं, दिला अग्नी. भावकी सगळी आलती. दहाव्याला पिंड ठेवला आन् मी आभाळाकडं बघतेय — आता काय कावळा शिवत नाय, समद्यांसमोर माझं बिंग — माझं म्हंजे, आपली फजिती व्हायची, असं. आन् काय सांगू! भटजी मागं सरकला नाय तवर कावळा आला, घास घेऊन गेला. बाया रडल्या, म्हणल्या, आत्मा शांत हाय गं. थू! त्या कावळ्याची बी किळस आली मला. शांत का नसंल? पोट सुटलंय, कानामागं केस पिकलेत, शांतच —

काय? मला कसे दिसले केस?

तुम्ही वकिलीण हाय का? नाय ना? मग ऐका आन् गिळून टाका. दिवाळीच्या आधी, मुकुंदवाडी टेसनावर. संगं बाई, त्याच्या कडंवर पोरगी. पाठीवरनं वळखला मी. हाक मारली, त्यानं वळून बघितलं — मला, चांगलं नीट — आन् पोरीचं टोपडं सारखं करत चालता झाला. औरंगाबादेतच, बाई! इथं, हाकेच्या अंतरावर! बाप दाराकडं बघत मेला आन् हा इथं पोरीचे लाड करतोय. मला वकारी आली तिथंच, फलाटावर. घटस्फोट? म्हंजे त्याला नोटीस, आन् नोटीस म्हंजे सरिताला कळणार. मग ती काय करंल सांगू? आणायला जाईल त्याला. त्याच्या पाया पडंल, त्या बाईच्या बी पडंल. मला ठाऊक हाय ना ती, नऊ वरीस एका चुलीवर काढलेत. पुन्हा तो उंबऱ्यात आन् ही पुन्हा त्याचं ताट वाढणार. नगं. खोटी शपथ? व्हय, खोटी. पोटात वागवला तो मी, पाप लागंल ते बी मलाच लागू दे. अभयच्या घरी पोर दोन घास सुखानं खाईल, मला तेवढंच पायजे. पण रातच्याला झोप—

पुकारलं. आले, आले रं बाबा, कशाला वरडतो! ती बघा आली झेरॉक्स घेऊन. तुम्ही माझ्याशी बोलला नाय, मी तुमच्याशी नाय. जाते, लेकाला मारून येते. ही पिशवी बघा तेवढी — सरिताचा डबा हाय त्यात, सकाळधरनं उपाशी हाय पोर.