काकूंच्या घराचा लिलाव

"हॅलो?… काकू, मी छाया. आरोहीची आई… हो, हो, तीच. इतक्या दिवसांत फोन नाही केला, चुकलंच माझं…"

छाया ओट्याला टेकून उभी होती. नाशिक रोडला भाड्याने राहत असताना वत्सलाकाकू तिच्या शेजारी होत्या. छाया नोकरीवर गेली की आरोहीला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, सगळं काकूच करायच्या. पुढे काकू-काकांनी कर्ज काढून जेल रोडला फ्लॅट घेतला आणि भेटीगाठी कमी होत गेल्या; त्या फ्लॅटवर छाया कधी गेलीच नाही.

"आरोही मजेत… काकू, ऐका ना. घराचं काय चाललंय?… लपवू नका. लिलावाची जाहिरात पाहिली मी."

काकू हळूहळू सांगू लागल्या. काका गेल्यावर हप्ते थकले. बँकेचा माणूस दारावर कागद चिकटवून गेला, तेव्हा कुठे घर जाणार हे कळलं. आता सामान बांधून निफाडला लेकीकडे जायचं ठरवलं होतं.

"सामान बांधू नका… अहो, थांबा तर. त्याआधी नोटीस आली होती? साठ दिवसांत पैसे भरा म्हणून?… कुठे गेली?… भाड्याच्या जुन्या पत्त्यावर? अहो, तारण ठेवलाय तो हाच फ्लॅट ना, मग पत्ता बँकेला ठाऊक नव्हता?… मग हेच धरायचं, काकू. कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायचा. नोटीस मिळालीच नाही, लिलाव थांबवा म्हणायचं… खात्री नाही देत, पण स्थगिती मिळू शकते. काही रक्कम भरायला लावतील कदाचित… मुदत असते त्याला, म्हणून उद्याच जा. आणि काकांनी कर्जाचा विमा काढला होता का?… असला तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं. बँकेला लेखी विचारा."

हे सगळं तुला कसं ठाऊक, असं काकूंनी विचारलं.

"काकू… ते घर घ्यायला आम्हीच निघालो होतो."

तिच्या नवऱ्याला, दीपकला, स्वस्तात घर हवं होतं. लिलावाची जाहिरात त्यानेच शोधली होती, छायाने त्यातलं नाव तेव्हा वाचलंही नव्हतं. मूळ मालकाने नोटिशीवरून तक्रार केली तर लिलाव अडकेल, तेवढं सांभाळा, असं त्याच्या वकिलाने बजावलं होतं. दोघं फ्लॅट बघायला गेले. दारावर काकांच्या नावाची पाटी दिसली आणि छाया तशीच जिना उतरली. आपण नाही तर दुसरं कोणी घेईलच, असं दीपक म्हणाला. काही दिवस तिलाही ते पटलं होतं.

"हो, दारापर्यंत आले होते… नाही वाजवली बेल. तोंड नव्हतं दाखवायला… मागच्या रविवारी… हो काकू, आठवडाभर गप्प बसले."

छायाने घाईघाईने योगिनी नावाच्या वकीलबाईंचा नंबर सांगितला.

"लिहून घेतला?… उद्या मी येते सोबत… नको? बरं, एकट्या जा. पण जा हं."

मग काकूंनी शांतपणे एवढंच विचारलं, स्थगिती नाही मिळाली, तर तुम्ही बोली लावणार का?

छायाला लगेच ‘नाही’ म्हणायचं होतं. पण बोलीसाठीची अनामत रक्कम भरून झाली होती, आणि माघार घेण्याबद्दल दीपकशी ती अजून बोललीच नव्हती.

"…नाही, काकू. आम्ही नाही… हॅलो? काकू?"

फोन कट झाला होता. तिने पुन्हा लावला. एंगेज. काकू वकीलबाईंनाच लावत असतील, अशी मनाची समजूत घालत ती ओट्यापाशी उभी राहिली.