गोळी आणायला कोण जाणार?

अगं, आमच्या ह्यांची गंमत सांगते. लग्नाला वर्षबी झालं न्हवतं, अन् एका रात्री निरोध फाटला. सकाळी उठल्याबरोबर मी म्हणलं, "बदनापूरला जा अन् मेडिकलमधून गर्भ न राहण्याची गोळी आणा. जितकी जल्दी घेतली तितकी चांगली." हे गेले, अन् खोकल्याचं औषध घेऊन आले!

"दुकानात आपले मामा उभे होते," म्हणे.

मंग मीच गेले. मेडिकलवाल्या ताईला बिनधास्त गोळी मागितली. ती म्हणली, "आत्ताच घे. दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागेल. अन् ही नेहमीची सोय न्हाई, त्यासाठी डॉक्टरांना भेटा."

मी तिथंच गोळी गिळली अन् वळले, तर मागं सासूबाई! बीपीच्या गोळ्या घ्यायला आल्त्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आम्ही दोघी रिक्षात बसलो. मंग त्या हळूच म्हणल्या, "त्याला का न्हाई पाठवलं?"

"पाठवलं होतं, आत्याबाई. लाजून खोकल्याचं औषध घेऊन आले."

सासूबाई हसतच सुटल्या. "त्याचा बापबी असाच लाजायचा. म्हणून तर मला पाच झाले!"