तेबानकाकांचा लॅपटॉप

तुमचा विश्वास बसायचा नाही, पण हे मी मनिलातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभा असताना ऐकलंय. माझ्यापुढे लग्नाच्या फिल्मा एडिट करणारी लोर्ना नवा लॅपटॉप घ्यायला आलेली, आणि तिच्यापुढे याच धंद्यातले तेबानकाका आपला जुना विकायला.

"काका, परवा माझी पार फजिती झाली. सकाळी चर्चमधलं लग्न, संध्याकाळी जेवताना पाहुण्यांना त्याचीच फिल्म दाखवायची, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बंद पडला."

"अगं बाई. मग?"

"नवरीची आई काळ्या पडद्याकडे बघतच राहिली. उद्या पुन्हा लग्न आहे. असंच झालं तर मला या शहरात कोणी दारात उभं करणार नाही."

"मग माझाच घे की. मेमरी दांडगी, सॉफ्टवेअर आत बसवलेलं. चार कॅमेऱ्यांचं शूटिंग गिळतो आणि ढेकर देत नाही."

"तापत नाही?"

"छे. तिकडे बुलाकान प्रांतातल्या एका लग्नात पाद्रीबाबांचं प्रवचन चालू होतं, तेवढ्यात इकडे फिल्म तयार."

"अख्खी?"

"अख्खी. शेवटी नवरानवरीचं चुंबन, त्यावर संगीत. बायका हमसून हमसून रडल्या."

"देवा रे. प्रवचन चालू असताना?"

"सांतो निन्योची, बाळ येशूची शपथ."

लोर्नाचा पाकिटाकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"पण काका, चुंबन तर प्रवचनानंतर असतं. जे झालंच नव्हतं, ते तुमच्या लॅपटॉपने आणलं कुठून?"