पहिली ओळ नॉर्मल

हॅलो?… हां, बोल गं… मोठ्याने बोल, इथे लॅबमध्ये मशीन घरघरतंय… काय? आईला घरी सोडताहेत? कालच तर अ‍ॅडमिट केलं!… रिपोर्ट नॉर्मल? कोण म्हणालं?… ते कोवळे डॉक्टर. बरं. आणि तुझे अहो?… गाडी दारात लावलीसुद्धा! वा! एरवी भाजी आणायला चारदा सांगावं लागतं.

अगं ऐक ना… ऐक. आईची धाप कमी झाली?… नाही. उलट्या?… सकाळपासून दोन. मग नॉर्मल कोण झालं, कागद?… हो, हो, घाबरल्यामुळे धाप लागते. त्या डॉक्टरांना माझ्यासमोर बसव, त्यांनाही लागेल.

रिपोर्ट हातात आहे? वाच… पीएच सात पॉइंट चार. बरोब्बर. आता खालच्या ओळी… अगं, असतात खालीही ओळी! चोवीस वर्षं हेच कागद छापतेय मी. पहिली ओळ वाचून पेन खिशात घालणारे डॉक्टर आम्ही चालीवरून ओळखतो… कार्बन डायऑक्साइड?… वीस. चाळीस हवा… बायकार्बोनेट?… किती?… पुन्हा वाच… बारा. हवं चोवीस. रक्तातलं आम्ल जिरवतं ते, आणि अर्धं संपलंय.

नाही, नॉर्मल नाही! धापेने रक्तातलं आम्ल बाहेर फेकलं जातंय, आणि आतून दुसरंच कुठलंतरी आम्ल तेवढंच भरतंय. रस्सीखेच चाललीय, रस्सीखेच! गाठ मधोमध दिसली म्हणून तुझे डॉक्टर म्हणताहेत, कोणी खेळतच नाहीये… हो, शरीर सावरून घेतं ना. पण एकच बिघाड असेल तर इतकं काटेकोर जागेवर नाही आणत. दोन बिघाड आहेत, दोन!… ओरडू नको काय? ओरडणारच!

थांब. आईला ऐकू कमी येतंय का?… टीव्ही मोठा करते. कधीपासून?… महिनाभर. आणि तुम्ही म्हणालात, वय झालं… कानात शिट्टी वाजते म्हणाली होती? आणि तुम्ही हसलात? शाबास!… रडू नकोस. रडायला मागाहून वेळ काढू. कसल्या गोळ्या घेते ती?… गुडघ्यासाठी. कुठल्या? पिशवीत बघ, पिशवीत!… अ‍ॅस्पिरिन. दिवसाला किती?… दुखेल तेव्हा दोन-दोन. म्हणजे दिवसभर! अगं, हेच ते! हीच गोळी कानात शिट्टी वाजवते, हीच धाप लावते आणि हीच रक्तात आम्ल भरते. कोणत्या शहाण्याने दिला तिला एवढा डबा? काही अक्कल—

काय?…

निळ्या झाकणाचा?…

हो. मीच पाठवला होता… काय म्हणायची आई?… ‘ताईने दिल्यात, ती दवाखान्यात असते, तिच्या गोळ्या कशा बाधतील’…

नाही, आहे मी फोनवर. ‘दुखलं की घे, काही होत नाही.’ म्हणाले होते मी. अशीच, घाईघाईत, याच खुर्चीतून.

हे बघ, अहोंना सांग, गाडी परत पार्किंगमध्ये लावा. सलाइन काढू देऊ नकोस. आणि डॉक्टरांना फोन दे… नाही भांडत. दे.

हॅलो, डॉक्टर? आईच्या रक्तातली अ‍ॅस्पिरिनची पातळी तपासा. आत्ता, लगेच… हो, पीएच नॉर्मल आहे, वाचलं मी. खालच्या ओळी वाचा… हं… हं, दिसलं ना?… मी? मी लॅबमधली… नाही. मी तिची मुलगी. गोळ्या मी दिल्या होत्या. केसपेपरवर लिहा तसं… कुठे म्हणजे? पहिल्या ओळीत लिहा.

निघतेच मी. ठेवते.